हाडांतला आजार कसा वाचतात, आणि कोकणात हाडं का टिकत नाहीत

कोकणात जुन्या काळाचं पुष्कळ काही सापडतं. कुड्याला लेणी आहेत. चौलच्या उत्खननात खापरं निघाली, सातवाहनांची नाणी निघाली. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. सापडत नाही तो माणूस. कशेळीच्या सड्यावर एवढा मोठा हत्ती ज्यांनी कोरला त्यांचे दात कसे होते, त्यांची पोरं तापाने दगावत होती का, चाळिशीत त्यांची कंबर धरत होती का, हे सांगायला त्यांची हाडं आपल्याजवळ नाहीत.

मला ही उणीव फार लागते. मी दातांची डॉक्टर आहे, चिपळूणजवळ माझा दवाखाना आहे. समोर उघडलेल्या तोंडात माणसाचं अर्धं आयुष्य दिसतं: लहानपणी पोटाला काय मिळालं, मोठं दुखणं कधी येऊन गेलं, वर्षानुवर्षं काय चघळलं. हीच नजर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांकडे वळवणारी एक विद्याशाखा आहे. पॅलिओपॅथॉलॉजी तिचं नाव, मराठीत पुरारोगशास्त्र म्हणता येईल. जुन्या सांगाड्यांवरून त्या काळच्या लोकांना कोणते आजार होते, ते शोधायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्क आर्मांड रफर या डॉक्टरांनी इजिप्तच्या ममींच्या मूत्रपिंडात एका परजीवी जंताची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली, ते १९१० साल. तेव्हापासून या शास्त्राने चांगलाच जोर धरला. ममी असेल तर मांस, कातडी, आतडी सगळं हाताशी असतं. आपल्या देशात मात्र बहुतेक वेळा हाडं आणि दात यांवरच भागवावं लागतं.

हाड काय सांगू शकतं

हाड म्हणजे शरीराच्या आत उभा केलेला निर्जीव खांब, अशी आपली समजूत असते. जिवंत माणसाच्या हाडात रक्त फिरतं आणि दोन प्रकारच्या पेशी सतत कामाला असतात. एक प्रकार जुनं हाड विरघळवतो, दुसरा नवं घालतो. मिरगाआधी आपण कौलं परततो, फुटकी काढून नवी घालतो. घर तेच दिसतं, पण काही वर्षांनी बघावं तर वरचं जवळजवळ प्रत्येक कौल बदललेलं असतं. हाडाचंही तसंच चालू असतं, माणूस जिवंत असेपर्यंत.

आजार आला की या कामाचा तोल जातो. मग हाड एकतर झिजतं, नाहीतर नको तिथे वाढतं. त्याला तिसरं काही करताच येत नाही. आजार शेकडो आणि त्यांना हाडाची उत्तरं दोनच, ही या शास्त्राची मूळ अडचण आहे. म्हणून एकाच हाडाकडे बघून कुणी छातीठोकपणे ‘हा क्षय’ किंवा ‘हा कर्करोग’ म्हणालं, तर जरा थांबावं. जाणकार माणूस आधी बघतो की खूण कोणत्या हाडावर आहे, हाडाच्या नेमक्या कुठल्या भागावर आहे, एकाच बाजूला की दोन्हीकडे, झीज जास्त की भर जास्त, आणि बाकीच्या सांगाड्यात काय चाललंय. निदान होतं ते या सगळ्याच्या मांडणीवरून.

वय आणि बाई-पुरुष हेही आधी ठरवावं लागतं. मुलांचं वय दातांवरून बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं, कारण दात येण्याचं वेळापत्रक सहसा फार चुकत नाही. मोठ्यांत ते अवघड होत जातं. हासळीचं आतलं टोक सगळ्यात शेवटी जुळतं, साधारण पंचविशी ते तिशीच्या दरम्यान. त्यानंतर सांध्यांच्या झिजेवर अंदाज बांधायचा, आणि तो दहा वर्षांनीही चुकू शकतो. बाई की पुरुष हे कमरेच्या हाडावरून सगळ्यात चांगलं कळतं. वयात न आलेल्या मुलांमध्ये मात्र हाडाचा आकार फारसा उपयोगी पडत नाही.

सगळ्यात बारीक काम पुढे असतं. नडगीच्या हाडावर एक भोक आहे असं समजा. ते आजाराने पडलं, की साळिंदराने कुरतडलं, की झाडाचं मूळ आत शिरलं, की खोदणाऱ्याची कुदळ लागली? भिंग घेऊन कड बघायची. माणूस जिवंत असताना पडलेल्या भोकाची कड हळूहळू गोलसर होते आणि भोवती नव्या हाडाचा थर दिसतो. हा थर घाईत घातलेला असल्यामुळे करडा, खरबरीत, बारीक भोकांचा असतो. आजार हटला आणि शरीराला सवड मिळाली, तर तोच थर घट्ट होऊन जुन्या हाडात मिसळून जातो. मेल्यानंतर झालेल्या भोकाची कड धारदार असते आणि कुदळ ताजी लागलेली असेल तर आतला रंग बाहेरच्यापेक्षा फिका दिसतो. म्हणजे एवढ्याशा कडेवरून तीन गोष्टी कळतात: आजार होता की नाही, मरताना तो चालू होता का, की माणूस त्यातून उठला होता.

कुष्ठरोगाचा चेहरा

नाकाच्या खाली, दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या बुडाशी बोट दाबून बघा. आत हाडाचा एक छोटा काटा हाताला लागतो. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात हाच काटा विरघळतो. या रोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून नाक, हात आणि पाय यांवर त्याचा मोठा मारा असतो. नाकाच्या भोकाच्या कडा बोथट होतात. वरच्या जबड्यातलं पटाशीच्या दातांभोवतीचं हाड मागे हटतं आणि ते दात पडतात. हातापायांच्या नसा मरतात, त्यामुळे ठेच लागली, चटका बसला तरी कळत नाही. जखमा चिघळतात, आणि पावलांची लांब हाडं टोकाकडे झिजत झिजत निमुळती होतात. चेहरा आणि पावलं या दोन्ही ठिकाणी हे एकत्र दिसलं, की निदान जवळपास पक्कं. सगळ्या सांगाड्याची मांडणी बघायची म्हणजे काय, त्याचं हे सगळ्यात चांगलं उदाहरण.

ही खूण विसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिल्हेल्म म्योलर-क्रिस्टेन्सेन या डॅनिश डॉक्टरांनी नीट मांडली. डेन्मार्कमधल्या नेस्टवेड इथे मध्ययुगात कुष्ठरोग्यांचं इस्पितळ होतं. तिथल्या दफनभूमीतले सांगाडे त्यांनी तपासले. जंतूचा शोध त्याआधीचा, गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत लावलेला.

आता आपल्याकडे येऊ. उदयपूरजवळ बालाथळ नावाचं ताम्रपाषाणयुगीन गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वी. एन. मिश्र आणि सहकाऱ्यांनी ते खणलं. तिथे एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा निघाला. दगडी कुंपणाच्या आत, शेणाच्या जळलेल्या राखेच्या थरांमध्ये तो पुरलेला होता. त्याच्या नाकाच्या कडा, वरचा जबडा आणि इतर हाडं तपासून अभ्यासकांनी २००९ मध्ये जाहीर केलं की हा कुष्ठरोग आहे, आणि सांगाडा सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा आहे. जगात कुष्ठरोगाचा हाडावरचा इतका जुना पुरावा तोवर मिळाला नव्हता. राखेने आणि तिथल्या कोरड्या मातीने तो माणूस आपल्यापर्यंत पोचवला.

त्याला गावाने वाळीत टाकलं होतं की मानाने पुरलं, हे हाड सांगत नाही. हा रोग वर्षानुवर्षं हळूहळू पसरतो, तेव्हा तो बराच काळ आजारी अवस्थेत जगला असणार, एवढं म्हणता येतं. मुंबईत वडाळ्याचं कुष्ठरोग्यांसाठीचं ॲकवर्थ इस्पितळ १८९० चं. पनवेलजवळच्या शांतिवनाचं काम तर आमच्या भागात पुष्कळांना माहीत आहे. ज्या रोगाने कोकणातल्या किती जणांना घर सोडायला लावलं, त्याचा माग चार हजार वर्षं मागे लागतो हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती त्या जबड्याच्या फोटोकडे बघत बसले होते. पुढचे दात पडल्यावर हिरडीखालचं हाड कसं भरून येतं हे मी रोज बघते. त्या माणसाचं जिवंतपणीचं बोलणं, खाणं, पेज पिणं कसं झालं असेल, हे त्यावरून लगेच डोळ्यांपुढे येतं.

क्षयाबद्दल थोडक्यात. तो बहुतेक वेळा फुप्फुसात राहतो. शंभर रुग्णांतल्या अंदाजे तीन ते पाच जणांच्याच हाडापर्यंत पोचतो. पोचला की सहसा पाठीच्या मणक्यांचा पुढचा भाग खातो. पुढचा भाग बसला आणि मागचा शाबूत राहिला की पाठीला कुबड येतं. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश शल्यवैद्याने १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून आजही त्याला पॉटचा आजार म्हणतात. कच्च्या दुधातून होणाऱ्या ब्रुसेलोसिसमध्येही मणके खराब होतात, तेव्हा इथेही सावध राहावं लागतं. पण खरा क्षय असलेला एक मणका दफनभूमीत सापडला, तर हाडावर काहीच न उमटलेले बरेच रुग्ण त्याच गावात होते असं धरायला जागा आहे. पेरूमध्ये कोलंबसच्या आधीच्या, सुमारे १००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतून मिळालेल्या क्षयाच्या जंतूचा डीएनए २०१४ मध्ये वाचला गेला. तो समुद्री सीलमध्ये आढळणाऱ्या जंतूच्या सगळ्यात जवळचा निघाला. किनाऱ्यावर शिकार करून खाणाऱ्या माणसांना समुद्राने दिलेला आजार. समुद्रावर पोट असलेल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कोकणाशी जास्त जवळचा विषय रक्तक्षयाचा. डोळ्याच्या खोबणीचं छत आणि कवटीचं वरचं हाड यांवर कधी कधी बारीक भोकांची जाळी दिसते. रक्त कमी पडलं की ते तयार करणारा हाडातला मगज फुगतो आणि बाहेरचा थर पातळ होतो, त्याची ती खूण. पूर्वी ती दिसली की अन्नात लोह कमी, असं सरसकट लिहिलं जायचं. आता तसं कुणी चटकन म्हणत नाही. बी-१२ ची कमतरता, मलेरिया, अनवाणी पायांतून शिरणारा हुकवर्म, थॅलसेमिया, सिकलसेल, यांपैकी काहीही मुळाशी असू शकतं. भातखाचरात गुडघाभर चिखलात लावणी करणारी माणसं, डासांचा चार महिने मुक्काम, पालघर-रायगडच्या कातकरी आणि वारली पाड्यांत आढळणारा सिकलसेल: ही सगळी कारणं कोकणात एकाच गावात एकत्र नांदू शकतात. उद्या इथे अशी कवटी मिळाली तर ‘कुपोषण’ हा शब्द लिहून मोकळं होता येणार नाही.

दात जास्त बोलतात

हे मी माझा धंदा म्हणून म्हणत नाही. दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे, आणि एकदा तयार झालं की ते बदलत नाही. हाडावरची जुनी खूण पुढे पुसट होऊ शकते, एनॅमलवरची होत नाही. मूल लहान असताना दात हिरडीच्या आत थराथराने घडत असतो. त्या दिवसांत मोठा ताप आला, जुलाबाने मूल खंगलं, उपासमार झाली, तर एनॅमल घालणाऱ्या पेशी काम थांबवतात. दात बाहेर येतो तेव्हा त्यावर आडवी खाच असते. माझ्याकडे साठीच्या आजी येतात, पटाशीच्या दातांवर नखाला लागेल अशी आडवी रेघ असते. रेघ दाताच्या किती उंचीवर आहे त्यावरून दुखणं साधारण कितव्या वर्षी आलं, हे सांगता येतं. विचारलं तर आजींना स्वतःला काही आठवत नसतं, पण ‘आवशी सांगायची, मी दोन वर्षांची असताना जगते की मरते असं झालेलं,’ हे त्या सांगतात.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने ते खणलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात मुलाला घालून घराच्या जमिनीखालीच पुरायचं, अशी रीत होती. मोठ्यांना पुरताना पावलं घोट्यापासून तोडलेली असत. अशी दोनशेहून जास्त दफनं मिळाली. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन ल्युकाक्स यांनी तिथल्या हाडादातांचा अभ्यास केला. दुधाच्या सुळ्यांवर एनॅमलमध्ये छोटे खळगे त्यांना दिसले. हे खळगे बाळपणाच्या अगदी पहिल्या महिन्यांतल्या ओढगस्तीची खूण मानले जातात. हवामान आणि पोटापाण्याची साधनं बदलली त्याच्याशी या खुणांचा संबंध त्यांनी तपासला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबादच्या मुलांची हाडं पुन्हा बघितली. इनामगावच्या शेवटच्या टप्प्यातल्या मुलांत वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना मिळाल्या. राजे-रजवाड्यांचा इतिहास नसलेल्या त्या गावाचा हा इतिहास आहे, आणि तो त्या गावच्या तान्ह्या मुलांनी आपल्याला सांगितला.

दातांवर जमणारा कीटणाचा थर म्हणजे तर खजिना. लाळेतल्या चुन्याने तो दगडासारखा होतो आणि अन्नाचे कण, पिष्टाचे दाणे, तोंडातल्या जंतूंचा डीएनए असं सगळं आत अडकवून ठेवतो. सुपारी चघळणाऱ्यांच्या दातांवर तांबूस-तपकिरी डाग पडतात आणि आग्नेय आशियात हजारो वर्षांपूर्वीच्या दातांवर असे डाग मिळाले आहेत. श्रीवर्धनच्या रोठ्याची ख्याती असलेल्या मुलखात हा धागा किती मागे जातो, ते बघायला मला फार आवडेल. आपल्या जुन्या बायकांच्या दातांवर मशेरीची काळी झाक आणि हिरडीजवळची झीज दिसते, तीही उद्याच्या अभ्यासकाला ओळखता येईल.

हाडावर जे उमटतच नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. माणसं ज्याने भराभर मेली, ते आजार हाडावर बहुतेक दिसतच नाहीत. हाडाला प्रतिक्रिया द्यायला आठवडे, महिने लागतात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात मोडशीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, वर्णन केलं आहे. त्या रोगात धडधाकट माणूस एका दिवसात जायचा. त्याचा सांगाडा तपासला तर तो निरोगी दिसेल. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि अर्धं शहर गावोगाव पळालं. बोटीने रत्नागिरीकडे परतलेल्या चाकरमान्यांत किती जण आजार घेऊन आले असतील. त्यांच्याही हाडांवर काही नसणार.

मग हाडावर खूण कुणाच्या असते? जो आजारी पडूनही टिकला, त्याच्या. १९९२ मध्ये जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी ही गोष्ट ठामपणे मांडली आणि या शास्त्राचा नूरच बदलला. दोन दफनभूमी घ्या. एकीत बऱ्याच सांगाड्यांवर जुन्या आजारांच्या खुणा आहेत, दुसरीतले सांगाडे गुळगुळीत, स्वच्छ. आपल्याला वाटतं की पहिलं गाव रोगट, दुसरं धडधाकट. उलटंही असू शकतं. पहिल्या गावातली माणसं आजाराला तोंड देऊन वर्षानुवर्षं जगली आणि दुसऱ्या गावातली पहिल्याच तडाख्यात गेली. शिवाय दफनभूमीत सापडलेलं दहा वर्षांचं मूल हे त्या गावच्या दहा वर्षांच्या मुलांचा नमुना नसतं. ते त्यांतलं मेलेलं मूल असतं. जगलेली मुलं मोठी होऊन कुठेतरी वेगळ्या वयात पुरलेली असतात. मला हा विचार या सगळ्या विषयात सगळ्यात मोलाचा वाटतो. आजींच्या दातावरची रेघ बघून ‘किती अशक्त मूल असेल’ असं मनात येतं, पण त्याच वर्षी आजारी पडलेली आणि रेघ उमटायच्या आत गेलेली भावंडं माझ्या खुर्चीत कधीच बसणार नाहीत.

असाच सावधपणा कामाधंद्याच्या गोष्टी सांगताना हवा. मणके झिजलेले दिसले की ‘ही डोक्यावर पाटी वाहणारी कोळीण’ असं लिहायचा मोह होतो. सांध्यांची झीज वयाने होते, अंगकाठीने होते, वंशानेही होते. उकिडवं बसण्याची खूण मात्र बरीच भरवशाची. घोट्याच्या सांध्यावर छोटी जादा खोबण तयार होते. लाहोरमध्ये काम करणाऱ्या हॅव्हलॉक चार्ल्स यांनी १८९३ मध्ये पंजाबी लोकांच्या हाडांवर ती दाखवली होती. विळीवर, चुलीपुढे, होडीच्या काठावर जन्म काढलेल्या आपल्या लोकांतही ती असणारच.

मग कोकणात अडतं कुठे

मातीत. हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिज असतो, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. हे खनिज आम्लात विरघळतं. आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी आणि वर रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाणी मुरत राहतं आणि खनिज धुऊन नेतं. देशावरच्या काळ्या मातीत चुन्याचं प्रमाण जास्त, पाऊस कमी, म्हणून इनामगाव टिकलं. घाटाखाली तेच दफन काही शतकांत नुसता मातीतला डाग होऊन राहील. दहनाची प्रथा हे दुसरं कारण, आणि अस्थी खाडीत किंवा समुद्रात सोडायच्या हे तिसरं.

पण इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. पूर्ण जळून पांढरं पडलेलं हाड आम्लधर्मी मातीत न जळलेल्या हाडापेक्षा जास्त टिकतं. मोठ्या आचेत त्याची खनिजं नव्याने घट्ट बांधली जातात. अशा हाडांचं कार्बन पद्धतीने वयही काढता येतं. ते आकसतं, वेडंवाकडं होतं, डीएनए निघून जातो, पण दातांची मुळं, कानाच्या आतलं टणक हाड, मणक्यांचे तुकडे ओळखू येतात. म्हणजे जांभ्याच्या मुलखात जुना अस्थिकलश मिळाला तर तो न जळलेल्या सांगाड्याइतकाच, कदाचित जास्तच, महत्त्वाचा.

चुना असेल तिथे हाडंही वाचतात. शिंपल्यांचे ढीग, पुळणीची शिंपलेमिश्रित वाळू, चुन्यात बांधलेल्या भिंतींच्या आतली जागा, ही कोकणातली आशेची ठिकाणं. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत हाडांचा अवशेष मिळाला. १६२४ मध्ये शिराझला मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी तिथे आणल्याची नोंद होती. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने त्याच्यातून डीएनए मिळवला. तो भारतीयांत न आढळणाऱ्या गटातला निघाला आणि २०२१ मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला दिला. आपल्या दमट हवेत चार शतकं राहूनही डीएनए वाचू शकतो, हे त्यातून कळलं. पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. हरियाणातल्या राखीगढीला साठाहून जास्त नमुन्यांतून एकाच सांगाड्याने कामाचा डीएनए दिला होता.

उत्तर कोकणच्या टोकाला, आता गुजरातेत असलेल्या संजाणला, २००२ ते २००४ दरम्यानच्या उत्खननात पारशी समाजाचा जुना दोखमा, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवण्याची जागा, मिळाला. तिथल्या हाडांचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि वाळिंबे यांनी केला. दोखम्यात हाडं शेवटी मधल्या खड्ड्यात जमा होतात आणि एकमेकांत मिसळतात. एका माणसाची कवटी आणि त्याचीच पावलं जोडून बघता येत नाहीत, आणि कुष्ठरोगासारखं निदान तर त्या जोडीवरच उभं असतं. तरी किनाऱ्यावरच्या माणसांची इतकी हाडं हाती येणं ही दुर्मीळ गोष्ट.

यासाठी कुणाची कबर उकरावी असं मी अजिबात म्हणत नाही. वसईच्या ख्रिस्ती दफनभूमी, गावोगावची कबरस्तानं, अलिबागकडच्या बेने इस्रायल समाजाच्या कबरी या जिवंत माणसांच्या पूर्वजांच्या जागा आहेत. त्यांच्या संमतीवाचून तिथे कुदळ लावणं चूक आहे. माझं म्हणणं आहे ते अचानक उघड्या पडणाऱ्या हाडांबद्दल. घराचा पाया खणताना, विहीर काढताना, रस्ता रुंद करताना, समुद्राने पुळण कापून नेल्यावर हाडं दिसतात, आणि बहुतेक वेळा रातोरात नारळ फोडून कुठेतरी टाकून दिली जातात.

तसं दिसलं तर काम थांबवावं आणि आधी पोलिसांना कळवावं, कारण हाड कालचंही असू शकतं. जुनं आहे असं ठरलं की राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावं, त्यांचं कार्यालय रत्नागिरीत आहे. तोवर हाड उचलू नये. उचललं की ते कुठल्या हाडाशेजारी होतं ही माहिती कायमची जाते. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, उत्तर दिशा दाखवून फोटो काढावेत. वर ताडपत्री घालावी, पण गुंडाळू नये. धुऊ नये, गोंद किंवा व्हार्निश लावू नये. सुटे दात आधीच हातात आले असतील तर ब्रशने घासू नयेत, त्यांच्यावरचा पिवळट कठीण थर तसाच राहू द्यावा. प्रत्येक दात वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावा आणि वर जागा आणि तारीख लिहावी. प्लास्टिकची पिशवी वापरू नये. आपल्या हवेत तिच्यात दोन दिवसांत ओल धरते आणि बुरशी येते.